बिबट्याने धरलं तर २५ लाख, मशीनने धरलं तर नशीब

आमच्या जुन्नर-आंबेगावात मजुराला हात गमवायचाच असेल, तर त्याने तो बिबट्याच्या जबड्यात गमवावा. वाक्य क्रूर आहे, पण हिशेब तसाच निघतो.

बिबट्याने माणूस मारला तर वनखातं वारसांना २५ लाख रुपये देतं. अपंगत्व आलं, जखम झाली, तर त्याच्याही रकमा शासन निर्णयात ठरलेल्या आहेत. वनरक्षक येतो, पंचनामा होतो, पिंजरा लागतो, पुढारी येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला एका मुलाचा बळी गेला, तेव्हा लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. बरोबरच केलं. पोरगं तिकडे गेलंच कशाला, असं तिथे कुणी विचारलं नाही.

आता त्याच उसाच्या बांधाला लागून असलेल्या गोठ्यात या. कडबाकुट्टीच्या मशीनमध्ये माणसाची बोटं जातात. महामार्ग सोडा, गावातली पायवाटसुद्धा कुणी अडवत नाही. पारावर पहिला प्रश्न येतो, ‘हात घातलाच कशाला?’ दुसरा, ‘पिलेला होता का?’ आणि मग तो शब्द येतो ज्याने आमच्याकडची निम्मी प्रकरणं बंद होतात: नशीब.

माझं भांडण या शब्दाशी आहे. कारण मशीनमध्ये गेलेल्या हाताचीही रक्कम ठरलेली आहे, आणि बिबट्याच्या कितीतरी आधीपासून ठरलेली आहे. १९२३ सालापासून. इंग्रजांच्या काळात झालेला कामगार नुकसानभरपाईचा कायदा, २०१० पासून ज्याला कर्मचारी नुकसानभरपाई कायदा म्हणू लागले, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून जो सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. त्याआधीच्या अपघातांचे दावे जुन्याच कायद्याने चालतात, आणि संहितेतली चौकटही बहुतेक तीच आहे.

लोकांना वाटतं हा कायदा कारखान्यांचा, चाकण-रांजणगावचा. शेतावर कसला कायदा? मी ती यादी वाचली आहे आणि तुम्हीही वाचा, कारण ती वाचताना आपला तालुका डोळ्यांपुढून जातो. जमीन कसणारे, जनावरं सांभाळणारे. विहीर खोदणारे, खोल करणारे. पाण्याचा पंप बसवणारे, दुरुस्त करणारे. शेतात औषध फवारणारे. यंत्राने मळणी करणारे. ट्रॅक्टर, पॉवर टिलर चालवणारे. गाडीत माल भरणारे, उतरवणारे. कारखान्याचे वॉचमन. एवढंच काय, विष काढण्यासाठी साप हाताळणारेसुद्धा या यादीत आहेत. नारायणगावात सकाळी टोमॅटोच्या तोडणीला कुणी नेईल म्हणून उभा असलेला मजूर या यादीत आहे. फक्त त्याला हे कुणी सांगितलेलं नाही. २०१७ च्या दुरुस्तीने मालकावर बंधन घातलं की, कामाला ठेवताना भरपाईच्या हक्काची माहिती कामगाराला त्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यायची. असा कागद हातात पडलेला एक मजूर मला दाखवा.

आणि हा कायदा चूक कुणाची ते फारसं विचारतच नाही. मालकाची हलगर्जी सिद्ध करावी लागत नाही. मजुराचं लक्ष नव्हतं, हा बचाव चालत नाही. दारू किंवा नशा, मुद्दाम मोडलेला सुरक्षेचा नियम, मुद्दाम काढून टाकलेलं संरक्षक झाकण, एवढीच कारणं मालकाला सोडवू शकतात. माणूस मेला किंवा पूर्ण अपंग झाला तर तीही सोडवत नाहीत. म्हणजे पारावरचा तो पहिला प्रश्न, ‘हात घातलाच कशाला’, कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच निकालात काढला आहे.

आता हिशेब. पगाराचे ६० टक्के घ्यायचे, वयाप्रमाणे ठरलेल्या गुणकाने गुणायचे, आलेल्या आकड्यातून अपंगत्वाची टक्केवारी काढायची. टक्केवारीचा तक्ता कायद्यातच आहे. अंगठा गेला तर ३०, एका हाताची चार बोटं गेली तर ५०, हात मनगटापासून गेला तर ६०. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७. महिना १२ हजार कमावणाऱ्या चाळिशीच्या माणसाची एका हाताची चारही बोटं गेली, तर होतात ६ लाख ६३ हजार १२ रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज. सबळ कारण नसताना टाळाटाळ केली तर मालकाला मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

हे उदाहरण मी हवेतून घेतलेलं नाही. तो चाळिशीचा माणूस माझा मामा आहे.

मामा डोंगराकडचा, भीमाशंकरच्या बाजूच्या वाडीतला. आमच्याकडे भातलावणी संपली की माणसं खाली बागायतीकडे उतरतात. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, खाली ऊस आला, उसात बिबटे आले आणि उसामागून गोठे, मशीन, मजूर. डिंभ्याच्या पाण्याखाली ज्यांची भातखाचरं गेली, त्यांची नातवंडं आज त्याच पाण्यावर भिजणाऱ्या शेतात मजुरीला जातात. हे जाता जाता सांगितलं, पण ते विसरून मालक-मजूर हे नातं कळत नाही. मामा-मामी एका मोठ्या बागायतदाराच्या गोठ्यावर राहायला होते. बारा हजार महिना, रोख. २०२१ च्या पावसाळ्यात ओला घास मशीनच्या तोंडाशी अडकला, तो ढकलताना उजव्या हाताची चार बोटं गेली.

मालक वाईट माणूस नव्हता. मुद्दाम सांगतो, कारण अशा लेखात मालक मिशीला पीळ देणारा लागतो. त्याने स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं, स्वतःच बिल भरलं. आणि केसपेपर काढताना ‘काय झालं?’ या प्रश्नाचं उत्तरही स्वतःच दिलं. कागदावर लिहिलं गेलं: घरी काम करताना इजा. पंधरा दिवसांनी शंभराच्या स्टॅम्पवर दुसरा कागद झाला. ‘माणुसकीच्या नात्याने औषधोपचारासाठी ५० हजार रुपये मिळाले, यापुढे नुकसानभरपाईबाबत माझी कसलीही तक्रार राहणार नाही.’ खाली डाव्या हाताचा अंगठा. मामाला सही येते. पण सही ज्या हाताने यायची, तो हात पट्टीत होता.

‘आपण काय परके आहोत का, कोर्टकचेरी कशाला,’ असं मालक म्हणाला होता. मामी तेव्हा एवढंच म्हणाली, ‘अण्णा, पन्नास हजारांत म्हैस येती. हात नाय येत.’

इथे थांबा आणि एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण तुमच्या गावात हा स्टॅम्प कधी ना कधी होणार आहे. आता तो शंभराऐवजी पाचशेचा होईल, तेवढाच फरक. कामगाराने भरपाईचा हक्क सोडून दिला, अशा अर्थाचा कुठलाही करार या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे रद्दबातल आहे. कोर्टात जाऊन रद्द करून घ्यावा लागतो असं नाही, मुळातच शून्य. आपसात तडजोड करायला बंदी नाही. पण ती आयुक्तांकडे नोंदवावी लागते. रक्कम तुटपुंजी वाटली, दबाव दिसला, तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. नोंदवलीच नाही, तर मालकावरची पूर्ण भरपाईची जबाबदारी तशीच राहते. नोटरी, पोलीस पाटील, तंटामुक्ती समिती, चार प्रतिष्ठित माणसं यांच्या सह्यांनी त्यात काडीचा फरक पडत नाही.

मामाने दोन वर्षांच्या मुदतीत दावा लावला. आयुक्त म्हणजे आयएएस अधिकारी नव्हे. या कायद्यातला आयुक्त प्रत्यक्षात न्यायाधीशच असतो, कुठे कामगार न्यायालयाचा, कुठे दिवाणी न्यायालयाचा. कायदा म्हणतो, तीन महिन्यांत निकाल द्यावा. आमचा निकाल तीन वर्षं उलटून गेल्यावर लागला. दावा नामंजूर. कारण: मालक-कामगार हे नातं सिद्ध झालं नाही. हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही, केसपेपरवर ‘घरी’. मालकाने जबाबात सांगितलं की मामा शेजारधर्माने मदतीला यायचा. बोटांबद्दल वादच नव्हता. ती गेली आहेत हे सगळ्यांना मान्य होतं. कुणासाठी गेली, एवढंच ठरेना.

आता अपील. इथे खरा राग सुरू होतो.

आयुक्तांच्या निकालावर अपील थेट उच्च न्यायालयात. मध्ये जिल्हा न्यायालय नाही. मुदत ६० दिवस. आणि अपील कशावर? फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. साक्षीदार खरं बोलला की खोटं, अपंगत्व पन्नास टक्के की सत्तर, हे उच्च न्यायालय पुन्हा तपासत बसणार नाही. घटनेच्या बाबतीत आयुक्तच शेवटचा शब्द, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या एका निकालात स्पष्ट सांगितलं आहे.

ही दारं इतकी अरुंद का ठेवली? कामगारासाठीच. कल्पना अशी की आयुक्ताने पटकन पैसे मंजूर करावेत आणि मालकाने किंवा विमा कंपनीने वरच्या कोर्टात जाऊन ते कुजवू नयेत. म्हणून मालकाला अपील करायचं असेल तर आधी पूर्ण रक्कम आयुक्तांकडे भरावी लागते. भरल्याचा दाखला जोडल्याशिवाय अपील दाखलच होत नाही. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी फार शहाणपणाने विचार केला होता.

पण हा विचार ज्या कामगाराकडे हजेरीपट आहे त्याच्यासाठी आहे. मामासारख्याचा दावा खालीच पडला की तीच अरुंद दारं त्याच्या तोंडावर बंद होतात. मुंबईला जायचं, माळशेज उतरून, मुरबाड-कल्याण करत. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, पण पुणे जिल्हा त्यात नाही. आणि वकील पहिला प्रश्न विचारतो, ‘कायद्याचा प्रश्न कुठला आहे?’ बोटं गेली हा कायद्याचा प्रश्न नाही.

आणि वर पोचलात तरी काळ कसा लागतो, ते पाहा. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन. ड्यूटी पहाटे ३ ते सकाळी ११. २२ एप्रिल २००३ ला मोटारसायकलवरून कामावर निघाला, कारखाना पाचेक किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुलं, आई. आयुक्तांनी २००९ मध्ये ३ लाख २६ हजार १४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. विमा कंपनी अपिलात गेली. २०११ मध्ये उच्च न्यायालय म्हणालं, रस्त्यावरचा अपघात हा नोकरीतला अपघात नव्हे. निकाल फिरला. सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा फिरवला २९ जुलै २०२५ ला. रात्री तीनच्या पाळीला माणूस अंधारात रस्त्यावर असतो तो नोकरीसाठीच. वेळ, जागा, परिस्थिती यांचा कामाशी धागा जुळत असेल तर घर ते काम हा प्रवासही नोकरीतच धरायचा. निकाल मोठा आहे. उसाच्या ट्रॉल्यांमधून वाट काढत पहाटे कारखान्यावर जाणाऱ्या आमच्याकडच्या पोरांच्या उपयोगाचा आहे. नव्या संहितेत तर ही तरतूद लिहूनच टाकली आहे. पण बावीस वर्षं. सव्वातीन लाखांसाठी.

विमा कंपनीला बावीस वर्षं म्हणजे एक फाइल. वॉचमनच्या बायकोला बावीस वर्षं म्हणजे काय, ते मी लिहीत नाही.

मला माहीत आहे, आतापर्यंत काही वाचक चिडले असतील. दोन एकरवाला शेतकरी, कांद्याला भाव नाही, टोमॅटो रस्त्यावर ओतावे लागतात, तो कुठून देणार साडेसहा लाख? प्रश्न खरा आहे. मीही शेतकऱ्याच्याच घरातला. पण त्याचं उत्तर मजुराच्या बोटांतून का वसूल करायचं? ट्रॅक्टरचा विमा असतो. गाईचा असतो, तिच्या कानात बिल्ला असतो. पिकाचा असतो. मजुरांच्या भरपाईच्या जबाबदारीचाही विमा मिळतो, फक्त तो कुणी काढत नाही, कारण दावा कुणी लावत नाही. सरकारची गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, मृत्यूला २ लाख, एक अवयव गेला तर १ लाख. ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. सातबाऱ्यावर नाव नसलेला मजूर त्यात कुठेच नाही. म्हणजे एकाच मशीनमध्ये मालकाचा हात गेला तर योजना, गड्याचा गेला तर शेजारधर्म.

आणि सगळेच काही दोन एकरवाले नाहीत. ऊसतोडीचं बघा. बीड-नगरकडून टोळी येते, उचल मुकादमाकडून घेतलेली, तोड कारखान्याच्या चिठ्ठीवर. फडात कोयता लागला, ट्रॉलीखाली पाय आला, की कारखाना म्हणतो माणसं मुकादमाची, मुकादम म्हणतो ऊस कारखान्याचा. कायद्यात कंत्राटदाराच्या माणसाची भरपाई मुख्य मालकाकडून मागायची सोय आहे, कलम १२. पण त्यालाच एक शेपूट जोडलेलं आहे: अपघात मुख्य मालकाच्या जागेत किंवा ताब्यातल्या जागेत झाला असला पाहिजे. फड शेतकऱ्याचा, रस्ता सरकारचा. त्या शेपटावर किती वकिलांची घरं उभी राहिली असतील! एक गोष्ट मात्र टोळीतल्या माणसांना कुणीतरी सांगायला हवी. दावा जिथे अपघात झाला तिथेच लावावा लागतो असं नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. जुन्नरला पाय मोडलेल्या माणसाने तारखांसाठी बीडहून जुन्नरला यायची गरज नाही.

टक्केवारीबद्दलही थोडं भांडायचं आहे. तक्ता म्हणतो चार बोटं म्हणजे ५० टक्के. पण दूध काढणाऱ्या माणसाची उजव्या हाताची चार बोटं? १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण होतं. डावा हात कोपराच्या वरून कापलेला. तक्त्याप्रमाणे पूर्ण अपंगत्व होत नव्हतं. न्यायालयाने म्हटलं, एका हाताने सुतारकी होत नाही, तेव्हा हे शंभर टक्केच. पन्नास वर्षं झाली. तरी आमच्याकडे मजूर भरपाई मागायला गेला की तक्त्यातलं बोट दाखवून त्याला गप्प केलं जातं. माणूस काय काम करायचा, हे विचारायचं राहूनच जातं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की आमच्याकडची अपिलं मुंबईत हरली जात नाहीत. ती अपघाताच्या दिवशी, केसपेपरच्या खिडकीपाशी हरली जातात. बिबट्याचा पंचनामा होतो तसा मशीनचा का होत नाही? वनरक्षकाला जे जमतं ते दवाखान्यात, ग्रामपंचायतीत, पोलीस ठाण्यात का जमू नये? जखमी माणसाला स्वतःला विचारून लिहा: कुठे काम करताना, कुणाकडे, कुठलं मशीन. एवढ्या तीन ओळी असत्या तर मामाच्या दाव्यातला ‘शेजारधर्म’ पहिल्याच तारखेला गळून पडला असता. मामाकडे साधा फोन होता, त्यात काही उरलं नाही. तुमच्याकडे स्मार्टफोन आहे. मालकाचा ‘उद्या लवकर या’ हा व्हॉट्सॲप मेसेज, फोनपेवर आलेला पगार, गोठ्यातला एखादा फोटो, हाच आजचा हजेरीपट. तो पुसू नका. आणि घरातल्या, वाडीतल्या माणसाला लागलं तर मालकाच्या गाडीत त्याच्या शेजारी तुम्ही बसा. केसपेपर तुम्ही काढा.

मामाच्या निकालात एक वाक्य आहे. आयुक्तांनी तो स्टॅम्प पेपर मालकाच्या बाजूने वाचला आहे: मामा कामगार असता तर कागदावर ‘माणुसकीच्या नात्याने’ असं आलं नसतं. पण त्याच कागदावर ‘यापुढे नुकसानभरपाईबाबत तक्रार नाही’ असंही आहे. जो माणूस कामगारच नव्हता, त्याच्याकडून नुकसानभरपाईचा हक्क सोडल्याचं लिहून घ्यायची गरज मालकाला का पडली? आणि जो करार कायद्यानेच शून्य ठरवलाय, त्याचा आधार घेऊन दावा फेटाळता येतो का? आमच्या वकीलबाई म्हणतात, हा कायद्याचाच प्रश्न आहे, आणि महत्त्वाचाही आहे. घटनेचा म्हणून याला टाळता येणार नाही.

निकालाची नक्कल मिळायला जे दिवस गेले ते साठात धरले जात नाहीत. ते वजा करून आज एकोणिसावा दिवस आहे. मामाने कागदांची पिशवी मामीकडे दिली आहे, कारण तिची गाठ त्याला एका हाताने सोडता येत नाही. बुधवारी सकाळच्या गाडीने आम्ही कल्याणकडे निघतोय.